घाटात मान टाकणारी जुनी फियाट: फिल्टर कोणता, कुठे, आणि त्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९७३ ची फियाट, कागदोपत्री प्रीमियर प्रेसिडेंट, बरीच वर्षं नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरी झाकून उभी होती. तुम्ही ती चालू केलीत, कार्बोरेटर साफ करून घेतला आणि मिस्त्रीने बोनेटखाली एक पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर टाकून दिला. गावात गाडी छान चालते. मुंबईहून परत येताना कसारा घाट चढायला लागली की मिसिंग मारते, मग बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. एक जण म्हणतो फिल्टर काढून टाका, दुसरा म्हणतो नव्या इंजेक्शनच्या गाडीचा भारी फिल्टर लावा, तिसरा म्हणतो इलेक्ट्रिक पंप बसवा. यातलं काय करावं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. फिल्टर काढू नका. इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर या गाडीला नको. इलेक्ट्रिक पंप सध्या बाजूला ठेवा. टाकीजवळ, म्हणजे पंप जिथून पेट्रोल ओढतो त्या बाजूला, साधी जाळीची गाळणी लावा. पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या आधी, छोटा पेपर फिल्टर लावा. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या बिडाच्या नळीपासून, लांब आणि ब्रॅकेटवर पक्का हवा. पण हे दोन्ही लावण्याआधी टाकीचं झाकण, टाकीचा तळ आणि रबरी नळ्या बघायच्या. उभ्या राहिलेल्या गाडीत फिल्टरवर जे आरोप होतात त्यातले बरेचसे या तीन ठिकाणचे असतात.

झाकणापासून सुरुवात करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पेट्रोल जसं कमी होतं तशी त्याच्या जागी टाकीत हवा यावी लागते. जुन्या गाड्यांत ही हवा झाकणाच्या बारीक भोकातून किंवा टाकीच्या छोट्या श्वासनळीतून येते. वर्षानुवर्षं धूळ बसून, नाहीतर रंगकाम करताना, ते भोक बुजतं. किंवा मूळ झाकण हरवून कुणी भोक नसलेलं बसवतं. मग टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. गावात चार-पाच किलोमीटरच्या फेरीत हे कळत नाही. सलग चढावर, जास्त पेट्रोल जायला लागल्यावर कळतं. अर्धा तास थांबलं की हवा झिरपून आत येते आणि गाडी पुन्हा सुरू होते. लक्षण हुबेहूब फिल्टर तुंबल्यासारखं. म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर तुमचा फिल्टर निर्दोष आहे.

आवाज आला नाही तर दोन शक्यता राहतात: पेट्रोल कमी पोचतंय, किंवा वाटेत त्याची वाफ होतेय. दोन्हींत गाडी सारखीच मान टाकते, उपाय मात्र वेगळे आहेत. कमी पोचत असेल तर त्याला उन्हाचं सोयरसुतक नसतं. सकाळी सहा वाजता, थंड इंजिनावर, सपाट रस्त्यावर सुद्धा वेग धरून ठेवला की दोन-चार मिनिटांत गाडी आचके द्यायला लागते, पाय काढला की सावरते. वाफेचं तसं नाही. सकाळी तीच गाडी तोच चढ हसत चढते आणि दुपारी, विशेषतः पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा निघाल्यावर, दगा देते. गाडी थांबली की पंखा थांबतो आणि ब्लॉकची सगळी उष्णता पंपात नि नळीत शिरते. अशा वेळी पंपावर ओला फडका टाकून गाडी पाच मिनिटांत चालू झाली, तर वाफ समजा. फडका पंपावर आणि नळीवरच ठेवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर थंड पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो.

पेट्रोल पुरेसं पोचतंय का हे मोजता येतं, आणि मोजावंच. आधी हिशेब बघा. घाटात गाडी ताशी ४० च्या वेगाने चालली आणि लिटरला ५ किलोमीटर इतकंच अंतर गेली, तरी तासाला ८ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १३३ मिलिलिटर पेट्रोल लागतं. एवढं पेट्रोल कुठलाही धड फिल्टर सहज सोडतो. म्हणून 'मोठ्या इंजिनचा फिल्टर लावला की पिकअप वाढेल' यात काही अर्थ नाही. नवा फिल्टर आडवा येत नाही, तुंबलेला येतो.

मोजण्याची पद्धत अशी. इंजिन थंड असताना, उघड्यावर, कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून तिचं तोंड काचेच्या नव्हे, पत्र्याच्या किंवा पेट्रोलला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सोडा. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे प्लगला ठिणगी पडणार नाही. मग पंधरा सेकंद सेल्फ मारा आणि किती पेट्रोल आलं ते बघा. नंतर फिल्टर वगळून, साध्या नळीने जोडून, तेच पुन्हा करा. आकडा पाठ करण्यापेक्षा या दोन आकड्यांची तुलना महत्त्वाची. फरक मोठा असेल तर फिल्टर तुंबलाय. दोन्ही वेळा धार मरतुकडी असेल तर दोष पंपात, टाकीकडच्या नळीत किंवा टाकीच्या तळाशी आहे. धार जोरकस पण फेसाळ, बुडबुड्यांची असेल तर ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी लाइन एअर घेतेय. ही एअर बाहेर दिसत नाही, कारण तिथे पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप किंवा वाकडा बसलेला फिल्टर ही त्याची नेहमीची ठिकाणं.

आता फिल्टर नेमका कशासाठी, हे एकदा नीट समजून घेतलं की निवड सोपी होते. बहुतेकांना वाटतं तो जेट वाचवतो, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं, म्हणजे १२०० मायक्रॉनचं. स्लो जेट ४५ किंवा ५० चा असला तरी ४५०-५०० मायक्रॉन झाले. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जेट बुजवायला बराच मोठा कण लागतो, आणि तो जाडसर जाळीतही अडकतो. खरं नाजूक ठिकाण आहे फ्लोटच्या वरचा नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल पुरेसं झालं की बंद करणारी सुई. सुई आणि तिची बैठक यांच्यामध्ये केसाइतका कण अडकला तरी सुई पूर्ण मिटत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर सांडतं. पंपातल्या दोन छोट्या झडपांचंही तेच: कण अडकला की झडप मिटत नाही आणि पंप ओढतो तेवढंच परत सोडतो. म्हणजे पंपाला जाडसर गाळण पुरते आणि सुईला बारीक लागते. म्हणून मी दोन ठिकाणी दोन वेगळे फिल्टर सांगतो.

ओढणाऱ्या बाजूला पेपर फिल्टर का नको, याचं कारण वाफेशी जोडलेलं आहे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक तसेही पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास उडायला लागतात. मे महिन्यात आपल्याकडे हवाच चाळिशीला टेकते, डांबराच्या वरची हवा त्याहून गरम. त्यात ओढणाऱ्या वाटेवर अर्धा तुंबलेला कागद बसवला की दाब आणखी उतरतो आणि पंपापर्यंत पेट्रोलऐवजी वाफ येते. ढकलणाऱ्या बाजूला उलटं घडतं. पंपाचा दाब साधारण ३ पीएसआयच्या आसपास असतो, त्यामुळे कागदाचा थोडा अडथळा तो सहज मारून नेतो, आणि दाबाखालचं पेट्रोल उशिरा उकळतं. ओढणाऱ्या बाजूला जाळी, ढकलणाऱ्या बाजूला कागद, एवढं लक्षात ठेवा.

याला एकच अपवाद मी करतो. टाकी नुकतीच साफ केली असेल आणि उरलासुरला गंज अजून सुटत असेल, तर पहिले काही आठवडे टाकीजवळही मोठ्या आकाराचा पेपर फिल्टर तात्पुरता लावायचा आणि सारखा बघत राहायचं. तेवढ्या काळात घाटाला जायचं नाही. गाळ येणं थांबलं की तो काढून जाळी बसवायची.

बाजारात काय मागायचं? पंपाच्या पुढे लावायला मारुती ८०० च्या कार्बोरेटर मॉडेलच्या धर्तीचा छोटा, नायलॉनच्या बॉडीचा पेपर फिल्टर उत्तम चालतो. स्वस्त आहे, द्वारका-मुंबई नाक्याच्या भागातल्या स्पेअरच्या दुकानांत सहज मिळतो, आतला कागद दिसतो. घेताना दोन गोष्टी बघा: दोन्ही टोकांच्या नळीचा व्यास तुमच्या पाइपाशी जुळतो का, आणि टोकाला फुगीर कडा आहे का. ६ मिलिमीटरच्या टोकावर ८ ची नळी क्लिपने करकचून आवळण्याचा प्रकार मी फार पाहतो. ती कधी ना कधी निसटतेच. चिनी, क्रोमच्या टोप्यांचे काचेचे फिल्टर मिळतात. दिसतात सुंदर, बोनेट उघडलं की मिरवता येतात, पण त्यांची रबरी वॉशर उष्णतेने आणि थरथरीने सैल होते आणि काच फुटली तर खाली मॅनिफोल्ड आहे. असा फिल्टर बोनेटखाली मी कुणालाही लावू देत नाही. पितळेच्या दाण्यांचा, भाजून घट्ट केलेला फिल्टर असतो. धुऊन पुन्हा वापरता येतो म्हणून लोकांना आवडतो, पण पाणी आणि चिकट राळ त्याच्या दाण्यांत बसली की धुऊन पूर्ण निघत नाही. जाळीसाठी स्टीलच्या किंवा नायलॉनच्या जाळीचा, ७० ते १०० मायक्रॉनच्या आसपासचा घ्या.

इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर नको, असं का म्हणतो? तो ३ बार (सुमारे ४३ पीएसआय) किंवा त्याहून जास्त दाबासाठी, म्हणजे तुमच्या पंपाच्या पंधरापट दाबासाठी बनवलेला असतो. पेट्रोल त्यातून जाईल, त्याबद्दल वाद नाही. पण तो जड आहे, बंद पत्र्याचा असल्यामुळे आत काय साठलंय ते दिसत नाही, आणि त्याच्या जोडण्या तुमच्या पाइपाशी जुळवायला तीन-चार जास्तीचे जोड करावे लागतात. जुन्या गाडीत प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

आता टाकी. गाडी कितीतरी वर्षं उभी होती, म्हणजे टाकीच्या तळाशी गंज आहे आणि भिंतींवर वाळलेल्या पेट्रोलची तपकिरी राळ आहे, हे धरूनच चाला. पूर्वी ही राळ तिथेच चिकटून राहायची. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रण गाठलं गेलं, २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल हा चांगला द्रावक आहे. जुनी राळ तो सोडवतो आणि सगळी फिल्टरकडे पाठवतो. त्यामुळे नवा फिल्टर दोनशे किलोमीटरमध्ये तपकिरी झाला तर फिल्टर खराब होता असं समजू नका. त्याने जे अडवायचं तेच अडवलं. तीनदा बदलूनही तसाच होत असेल तर टाकी खाली उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

टाकी उतरवली की पूर्ण रिकामी करून उघड्यावर वाळवा. आत मूठभर नट किंवा धुतलेली बारीक खडी घालून, पाणी आणि साबणाने बराच वेळ हलवा, म्हणजे पापुद्रे सुटतात. मग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात एक दिवस भिजत ठेवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने कोरडी करा. लगेच म्हणजे लगेचच, कारण उघड्या पत्र्यावर तासाभरात पुन्हा पिवळा गंज धरतो. कोरडी झाली की थोडं पेट्रोल आणि इंजिन ऑइल घालून सगळीकडे फिरवा. आतून लावायचे कोटिंग मिळतात. इथेनॉलला टिकणारं असेल तरच लावा, नाहीतर ते वर्षभरात सालपटासारखं सुटतं आणि तेच फिल्टरमध्ये येतं. टाकीला भोक असेल तर ती कुठल्याही कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण असतं. हे काम रेडिएटर-टाकीचंच काम करणाऱ्या जुन्या कारागिराकडे, टाकी वाफेने किंवा गरम पाण्याने पूर्ण धुऊन झाल्यावरच करायचं.

इथेनॉलची दुसरी खोड पाण्याची आहे. ते हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात नाशिकची हवा ओली, त्यात तुमची टाकी पाव भरलेली आणि गाडी महिनाभर उभी, म्हणजे टाकीत पाणी साठायला आमंत्रणच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात, तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. कागदी फिल्टर पाण्याने फुगून बंद होतो. यावर साधा उपाय आहे: जून ते सप्टेंबर गाडी फारशी काढणार नसाल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत ओली हवा शिरायला जागा उरत नाही, आणि पंधरा दिवसांतून एकदा त्र्यंबक रोडला एक फेरी मारा.

रबराबद्दल मला मनापासून कळकळीने सांगायचं आहे, कारण जुन्या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा नळीमुळे. १९७३ च्या काळातलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सोलतं, किंवा कडक होऊन तडकतं. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून सुटत असेल तर फिल्टरमध्ये काळी भुकटी दिसते. काळी भुकटी दिसली की नळी त्याच दिवशी बदला. नवी घेताना 'पेट्रोलची नळी द्या' एवढंच सांगून थांबू नका. नळीवर एसएई जे३०आर७ किंवा त्याहून चांगली जे३०आर९ अशी छपाई हवी. आर९ च्या आत फ्लुओरो-रबराचा थर असतो, तो इथेनॉलला टिकतो. स्कूटरला लावतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, रेडिएटरची किंवा गॅसची नळी इथे चालत नाही. रबरी तुकडे जेवढे कमी आणि आखूड तेवढं चांगलं. बाकी लाइन धातूची असू द्या. स्क्रूने आवळायची, पट्टीत खाचा असलेली स्वस्त क्लिप नळीचं रबर कापते. गुळगुळीत, कडा वळवलेली, इंजेक्शनच्या नळ्यांना वापरतात ती क्लिप घ्या.

बसवताना गाडी थंड, बाहेर मोकळ्या हवेत, गॅरेजच्या खड्ड्यावर कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साठते. बॅटरीची निगेटिव्ह काढा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलवर पाणी मारलं तर आग पसरते. टाकीकडची नळी सोडण्याआधी खाली डबा ठेवा. फिल्टरवर बाण असतो. त्याचं टोक कार्बोरेटरकडे. शक्यतो फिल्टर उभा, पेट्रोल खालून आत आणि वरून बाहेर जाईल असा लावा, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. नळी फुगीर कड्याच्या पुढे किमान दोन-अडीच सेंटिमीटर जाऊ द्या आणि क्लिप कड्याच्या मागे आवळा, टोकावर नाही. थ्रेडच्या जोडांना पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून थेट नीडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. सिलिकॉन तर अजिबात नको, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. फिल्टर नळ्यांवर लोंबकळत ठेवायचा नाही. मडगार्डच्या आतल्या बाजूला छोटा ब्रॅकेट करा, त्याला रबर लावा, त्यात फिल्टर बसवा. बोनेटखाली फिल्टर मॅनिफोल्डच्या वर येत असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर पुढचा पेपर फिल्टर सोडून द्या. पंपाच्या वरच्या टोपीखाली जाळी असते ती साफ करा, कार्बोरेटरच्या इनलेटला आत जाळी आहे का ते पाहा, आणि मागच्या जाळीवर भागवा. आग लागण्यापेक्षा कार्बोरेटर वर्षातून दोनदा साफ केलेला परवडला.

झाल्यावर इंजिन चालू करून टॉर्चने प्रत्येक जोड बघा आणि कोरड्या टिश्यूने पुसून बघा. दहा मिनिटांनी, गरम झाल्यावर, पुन्हा तेच.

पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून पुष्कळ लोक घाबरतात. वरच्या भागात हवा आणि वाफ अडकलेली असते, ते नैसर्गिक आहे. कागदाचा खालचा भाग ओला असेल आणि गाडी ओढत असेल तर काही करू नका.

वाफेचा दोष निघाला तर फिल्टर बदलून तो जाणार नाही. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये मुळात एक जाडसर, उष्णता अडवणारा स्पेसर असतो. पंप बदलताना तो हरवतो आणि मिस्त्री पातळ पॅकिंग लावून मोकळा होतो. त्याने पंप जास्त तापतो, आणि पंपाचा स्ट्रोकही बदलतो, कारण स्पेसरच्या जाडीवरच दांडा किती दाबला जातो ते ठरतं. तुमच्या गाडीत तो स्पेसर आहे का, हे नक्की बघा. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टजवळून जात असेल तर लांब घ्या, नाहीतर मध्ये पत्रा लावा. ई-२० वर मिश्रण थोडं हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी जास्त तापते. फिल्टरचा आणि नळ्यांचा प्रश्न मिटल्यावरही घाटात ताकद कमी वाटली तर मेन जेट एक पायरी मोठा, म्हणजे १२० असेल तर १२५, करून बघण्यासारखा आहे.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल दोनच शब्द. तो लावायचाच असेल तर ३ पीएसआयच्या आतला, टाकीजवळ, आणि अपघातात किंवा इंजिन बंद झाल्यावर आपोआप थांबेल अशा स्विचसह. दाब जास्त झाला तर नीडल व्हॉल्व्ह त्याला अडवू शकत नाही. मूळ पंप धड असेल तर त्याची गरज नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न इतरांनाही पडेल म्हणून सांगतो: जावा, येझदी, जुनी बुलेट अशा गाड्यांत टाकी वर असल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली वाहतं, पंप नसतो. तिथे पेपर फिल्टर लावलात तर वेग धरला की पेट्रोल कमी पडतं. तिथे टाकीच्या नळातली जाळी आणि त्याखालची वाटी साफ ठेवणं हाच उपाय. जुन्या पेट्रोल जीपच्या पंपाखाली काचेची वाटी असते. ती ठेवा, तिच्यासारखी पाणी दाखवणारी दुसरी वस्तू नाही, फक्त तिचं कॉर्कचं पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं करा. डिझेलच्या महिंद्रा जीपचं गणित पूर्ण वेगळं आहे: इंजेक्शन पंपातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, त्यामुळे तिथे कंपनीने दिलेला दुहेरी फिल्टरच हवा, आणि बदलल्यावर हँड प्रायमरने एअर काढावी लागते. नॉझल आणि इंजेक्टर सातपूरच्या कारखान्यात बनतात तेव्हा ते काम किती बारकाईने होतं हे आपल्या गावातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. तिथे कमी किमतीचा फिल्टर टाकून काय मिळतं, हे त्यांनाच विचारा.

तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढे गेली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची नोंदणी करता येते, आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून जे काही लावाल ते काढता येईल असंच लावा. मूळ पाइप कापू नका, त्याच्या बाजूला नवा तुकडा वाकवून घ्या आणि जुना जपून ठेवा. काढलेला स्पेसर, पंपाची जाळी, मूळ झाकण असं काही फेकू नका.

पहिला पेपर फिल्टर शंभर-दीडशे किलोमीटरवर काढा आणि कापून आत बघा. लालसर भुकटी असेल तर टाकी गंजतेय, तपकिरी चिकटा असेल तर राळ अजून सुटतेय, काळं असेल तर नळी, पांढुरकं जेलीसारखं असेल तर पाणी. आत काही नसेल तर नंतर दरवर्षी पावसाळा संपला की बदलत जा, दिवाळीच्या आधी. डिकीत एक नवा फिल्टर, अर्धा मीटर आर९ नळी, चार क्लिपा आणि एक स्क्रू ड्रायव्हर ठेवा. आणि पुन्हा कसारा चढायला जाण्याआधी एकदा चांदवडच्या राहुड घाटात, भर दुपारी, सोबत दुसरी गाडी घेऊन चाचणी करा. चढावर मध्येच कडेला पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा निघा. तिथे मिसिंग मारली नाही तर मुंबईची फेरी करा. मारली तर पंपावर ओला फडका टाकून बघा, टाकीचं झाकण उघडून बघा, आणि काय झालं ते मला लिहून कळवा. पुढचं मग त्यावरून ठरवू.